पाठमोरा वाघ

227 दिवस समुद्रावर काढून होडी मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागते. पाय नावाचा मुलगा वाळूत पडलेला. होडीतला त्याचा सोबती वाघ, रिचर्ड पार्कर, त्याच्यावरून उडी मारून पुढे जातो, अंग ताणतो, पाण्याच्या कडेने चालत जंगलापाशी येतो आणि थांबतो. आता तो वळून बघेल, कान पाडेल, निदान गुरगुरेल, असं पायला वाटतं. वाघ समोरच्या झाडीत बघत उभा राहतो आणि आत शिरतो. आंग ली यांच्या 'लाइफ ऑफ पाय'मधला (2012) हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा लावतो, तो वाघाच्या पाठीसाठी.

हा वाघ संगणकावर घडवलेला. अ‍ॅनिमेशनमधल्या प्राण्याला बोलकं करायचं तर डोळे, भुवया, ओठ हाताशी असतात. इथे शेवटी वाघाचं तोंडच आपल्याकडे नाही. जे सांगायचं ते खांद्यांनी, पाठीने आणि मागच्या मांड्यांनी सांगायचं.

ती चाल नीट बघा. वाघाच्या खांद्याचा फरा धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेला नसतो, स्नायूंनीच तोलून धरलेला असतो. म्हणून पुढच्या पायावर भार आला की त्या बाजूचा फरा पाठीच्या रेषेच्या वर येतो, मग दुसऱ्या बाजूचा. हा वाघ उपासमारीने खंगलेला, त्यामुळे फरे आतून टोचत असल्यासारखे दिसतात. कातडी मात्र हाडाला चिकटून हलत नाही. आधी हाड सरकतं, मागाहून कातडी त्याच्यावरून घसरत येते. पोटाखालची सैल झोळ पावलागणिक डोलते आणि जरा उशिराने थांबते. वाघाचं वजन मला त्या उशिरात जाणवतं, आणि त्याचा थकवाही.

हा उशीर संगणक आपण होऊन देत नाही. रिगिंग करणारा आधी आत हाडांचा सांगाडा बसवतो आणि कातडीवरच्या प्रत्येक बिंदूला ठरवून देतो, की कुठल्या हाडाचं किती ऐकायचं. सगळ्यांत साध्या पद्धतीत बिंदू दोन हाडांच्या हालचालींची सरासरी काढतो, आणि तिथेच घात होतो. मनगट पुरतं फिरवलं की हात पीळ दिलेल्या गोळीच्या कागदासारखा मधेच चिमटतो. कोपर दुमडलं की सांधा आत बसतो. वाघासारख्या सैल कातडीच्या जनावराचं एवढ्याने भागत नाही. म्हणून रिचर्ड पार्कर थराथराने घडवला: हाडं, त्यांवर फुगणारे-आखडणारे स्नायू, त्यांवर सरकणारी कातडी आणि शेवटी केस. समोर खरे वाघही होते, काही मोजक्या दृश्यांत तेच दिसतात. खरा कुठे संपतो आणि घडवलेला कुठे सुरू होतो, हे मला अजून छातीठोक सांगता येत नाही.

हे काम रिदम अँड ह्यूज या स्टुडिओचं. त्याच्या मुंबई आणि हैदराबादच्या शाखांतल्या कलावंतांचे हातही त्याला लागले. फेब्रुवारी 2013 मध्ये स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात या चित्रपटाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं. हे आठवलं की आजही जीव तुटतो. तिथल्याच मंडळींनी 2014 मध्ये 'डेल्टा मश' ही पद्धत मांडली. वाकल्यावर वेडीवाकडी झालेली कातडी आधी इस्त्री फिरवल्यासारखी सपाट करायची, मग मूळच्या ठेवणीतून मोजून ठेवलेले उंचवटे आणि घड्या तिला परत द्यायच्या. इतकी सोपी आणि इतकी देखणी कल्पना क्वचित सुचते.

आणि तरीही या वाघाकडे बघताना मला सुरगाण्याचा वाघदेव आठवतो. डांगला लागून असलेल्या या डोंगराळ तालुक्यात शिवारात वाघदेव असतो: लाकडी फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, जवळ नाग, सगळ्यावर शेंदूर. बाजूने दिसणारं अंग, काठ्यांसारखे चार पाय. एकही सांधा नाही. वाघबारशीला गुराखी त्याच्यापुढे नारळ फोडतात, नैवेद्य दाखवतात. जो रोज गुरं घेऊन रानात जातो, त्याला वाघाची चाल कुणी हलवून दाखवावी लागत नाही. ती त्याच्या मनात आधीच असते. त्याचं मागणंही साधं असतं: आमच्या गुरांकडे बघू नकोस, तुझ्या वाटेने जा.

पाय ढसाढसा रडतो, कारण वाघाने वळून पाहिलं नाही. मीही पहिल्यांदा त्याच्याबरोबर हळहळलो होतो. वाघदेवापुढच्या त्या मागण्याची आठवण ठेवून तोच प्रसंग लावला, तेव्हा ती पाठ वेगळी दिसली. तिच्यात रुसवा नाही, निरोप नाही, आपल्यासाठी केलेला अभिनय नाही. हा वाघ घडवणाऱ्यांनी त्याच्या मानेला थोडासा झोल दिला असता, कानाचं टोक मागे वळवलं असतं, तरी आपण त्यात माया वाचली असती. त्यांनी तो मोह आवरला. एक फरा खाली जातो, कातडी मागाहून येते, आणि झाडी मिटते.