वाळूज : आराखडा आणि घर

औद्योगिक नगराच्या रचनेचे मूल्य नकाशाच्या रेखीवपणावरून ठरत नाही. कामगाराच्या वेतनास झेपेल असे घर तीत आहे की नाही, हीच तिची खरी कसोटी होय. वाळूज या कसोटीस उतरत नाही. येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. सिडकोचा वाळूज महानगर प्रकल्प मात्र नव्वदच्या दशकातला. कामगार आधी आला, आराखडा मागाहून. परिणामी रांजणगाव शेणपुंजीसारख्या गावांतील शेतजमिनी गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेल्या व तेथे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. या वस्तीस ‘अनधिकृत’ म्हणणे सोपे आहे. परंतु अधिकृत घर तिच्या आवाक्यात होते काय, हा प्रश्न त्या शब्दाखाली झाकला जातो. राज्याच्या २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने आणि त्यातील २०२१ च्या दुरुस्तीने अशा बांधकामांना नियमित होण्याची वाट दिली. तथापि कागद नियमित झाल्याने गल्ली रुंद होत नाही, की सांडपाण्याचा निचरा होत नाही. भाड्याची खोली हा अपवाद नसून औद्योगिक नगराचा मूळ घटक आहे, हे गृहीत धरूनच पुढील आराखड्याचा आरंभ व्हावयास हवा.