रेडॉनचा उलटा आलेख आणि बर्नार्ड कोहेन

‘इकॉलॉजिकल फॅलसी’ची व्याख्या आपण परीक्षेसाठी पाठ करतो आणि विसरतो. ती खरोखर समजून घ्यायची असेल तर बर्नार्ड कोहेन यांचा १९९५ चा पेपर वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. रेडॉन हा जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू. ना रंग, ना वास. तो भेगांमधून घरात शिरतो आणि बंद तळघरात साठतो. त्यामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे खाणकामगारांवरून कळलं होतं. पण घरातल्या कमी पातळीचं काय?

पिट्सबर्ग विद्यापीठातल्या कोहेन यांनी अमेरिकेतल्या १,६०१ काउंट्यांची (आपल्या जिल्ह्यांसारखं समजा) आकडेवारी घेतली. उत्तर आलं उलटंच! जिथे सरासरी रेडॉन जास्त, तिथे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी. धूम्रपान हिशेबात धरूनही.

आता गोम बघा. त्यांच्याकडे प्रत्येक माणसाचं नाही, काउंटीचं सरासरी धूम्रपान होतं. एकाच माणसाच्या बाबतीत रेडॉन आणि सिगारेट मिळून धोका वाढवतात, ते सरासरीत दिसतच नाही. टीकाकारांना कोहेन विचारत, कोणता घटक आड येतोय ते दाखवा. प्रश्न रास्त वाटतो, पण पुराव्याची जबाबदारी अलगद दुसऱ्यावर जाते.

२००३ मध्ये पस्किन यांनी साधी युक्ती केली. काउंटीनिहाय रेडॉन घेऊन त्यांनी इतर कर्करोग तपासले. धूम्रपानाशी घट्ट जोडलेल्या कर्करोगांमध्येही तोच उलटा संबंध निघाला. धूम्रपानाशी संबंध नसलेल्यांमध्ये नाही. म्हणजे आलेखात रेडॉन नव्हे, सिगारेट दिसत होती. मला हा पेपर फार आवडतो.

मग २००५ मध्ये सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी युरोपातले १३ केस-कंट्रोल अभ्यास एकत्र केले: ७,१४८ रुग्ण, १४,२०८ इतर, प्रत्येकाच्या धूम्रपानाच्या नोंदीसह. दर घनमीटरला १०० बेकरेल रेडॉन वाढला की धोका ८.४ टक्क्यांनी वाढतो. मोजमापातली अनिश्चितता दुरुस्त केल्यावर हाच आकडा १६. (त्याच घरात वेगळ्या वर्षी वेगळं मोजमाप येतं, आणि अशा चुकांनी संबंध फिका पडतो.)

हे १६ टक्के सापेक्ष आहेत हं. ४०० बेकरेलच्या घरात ७५ व्या वर्षापर्यंतचा प्रत्यक्ष धोका कधीच धूम्रपान न करणाऱ्याला सुमारे ०.७ टक्के, सिगारेट ओढणाऱ्याला १६. रेडॉन शून्य धरला तर ०.४ आणि १०.