मेंदूचा ताल, इनामगावची दफने आणि विपल्लास

मेंदूतील विद्युत्‌स्पंदनांचा ताल आपला इंद्रियानुभव घडवतो, असे दाखवणाऱ्या संशोधनाचा हवाला देऊन अलीकडे दोन विधाने धम्मविषयक व्याख्यानांत आणि लेखांत वारंवार केली जातात. अभिधम्मातील चित्तक्षण आता विज्ञानाने सिद्ध झाले, हे पहिले. भूतबाधा, अंगात येणे, विटाळाची किळस हा सारा मेंदूचा खेळ असून त्यात कोणाचा दोष नाही, हे दुसरे. पहिले विधान उतावळे आहे. दुसरे आम्हांस घातक वाटते.

प्रथम मूळ संशोधनाविषयी. हान्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२९ साली मानवी मेंदूच्या विद्युत्‌लहरींचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांपैकी ‘अल्फा’ लहर सेकंदाला सुमारे ८ ते १३ आवर्तने घेते. म्हणजे एक आवर्तन साधारण एक दशांश सेकंदाचे. २००० साली असे दिसून आले की प्रकाश एकदाच चमकवला व त्याबरोबर लागोपाठ दोन ध्वनी ऐकवले, तर पुष्कळांना प्रकाश दोनदा चमकल्याचे दिसते. २०१५ च्या एका अभ्यासात, ज्यांचा अल्फा ताल संथ त्यांना ध्वनींमधील अंतर अधिक असतानाही हा भ्रम होतो, असे आढळले. रबरी हाताचा प्रयोग १९९८ चा. स्वतःचा हात पडद्याआड ठेवून समोरच्या रबरी हातावर आणि खऱ्या हातावर एकाच वेळी कुंचला फिरवला, की थोड्याच वेळात रबरी हात आपलाच वाटू लागतो. दोन स्पर्शांत काळाचे अंतर पडले की भ्रम ओसरतो. हे अंतर किती बारकाईने जाणवते, त्याचाही अल्फा तालाशी संबंध असल्याचे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील अलीकडचे संशोधन दाखवते. ‘हा माझा हात’ ही जाणीवदेखील प्रत्ययांवर अवलंबून आहे, हे अनत्ताच्या अभ्यासकाने अवश्य ध्यानात घ्यावे. मात्र २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर तपासणीत प्रकाश-ध्वनीच्या भ्रमाचा आणि अल्फा तालाच्या गतीचा संबंध आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. आमचे वक्ते ते सांगत नाहीत.

चित्तक्षणांचे काय? चक्षुद्वारवीथीचे सतरा चित्तक्षण ही गणना अट्ठकथांच्या परंपरेतील आहे, सुत्तांतील नव्हे. त्या परंपरेप्रमाणे एका चुटकीच्या अवधीत कोट्यवधी चित्ते उपजतात व निरोध पावतात. सेकंदाला दहा आवर्तनांशी याचा मेळ कोणत्या गणिताने बसवायचा? बुद्धवचन म्हणून काय स्वीकारावे याची कसोटी बाबासाहेबांनी बुद्धिसंगतता ही ठरवली. ती कसोटी आमच्या आवडत्या दाव्यांनाही लागू आहे.

आता दुसरे विधान. त्याच्या तपासणीसाठी आम्ही इनामगावकडे वळतो. कारण भूतभयाचा महाराष्ट्रातील एक अतिप्राचीन दाखला म्हणून हे स्थळ सांगितले जाते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ढवळीकर, सांकळिया व अन्सारी यांचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील ही ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती. मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत. प्रौढांना उताणे निजवून पुरत, आणि त्यांची पावले घोट्याच्या वर तोडलेली असत. मृताने भूत होऊन घराबाहेर भटकू नये म्हणून हे केले असावे, असा तर्क उत्खननकर्त्यांनी मांडला. (भुताचे पाय उलटे असतात, ही आपल्याकडील समजूतही पायांभोवतीच घुटमळते.)

हा तर्क मान्य केला तरी त्यावरून त्या लोकांना भुते ‘दिसत’ होती असे ठरत नाही. शिवाय याच वस्तीत चार पायांच्या एका मोठ्या मृत्कुंभात बसवलेल्या स्थितीत एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला, आणि त्याची पावले शाबूत आहेत. तो गावप्रमुख असावा असा अंदाज केला गेला आहे. भय जर केवळ मेंदूच्या तालातून उपजत असेल, तर प्रमुखाच्या प्रेताचे भय वेगळे का? मेंदूचा ताल माणसाचा दर्जा ओळखत नाही. कोणाचे पाय तोडावेत आणि कोणाचे राखावेत, हे समाजाने ठरवलेले असते.

हा भेद पालि परंपरेने नेमका टिपला आहे. अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातात विपल्लास तीन पातळ्यांवर सांगितले आहेत: सञ्ञेचा, चित्ताचा आणि दिट्ठीचा. अनित्याला नित्य, दुःखाला सुख, अनात्म्याला आत्मा, अशुभाला शुभ मानणे या प्रत्येक पातळीवर घडते. मेंदूच्या तालाचे संशोधन लागू पडलेच तर पहिल्या पातळीला. रबरी हात खोटा आहे हे माहीत असूनही तो आपला वाटतो. त्यासाठी कोणी कोणाला बोल लावत नाही. दिट्ठीचे तसे नाही. ती शिकवली जाते, ग्रंथांनी आणि रूढींनी पोसली जाते, आणि म्हणूनच ती टाकताही येते. महाराष्ट्राने २०१३ साली केलेला जादूटोणाविरोधी कायदा याच भेदावर उभा आहे. भास झाला म्हणून तो कोणाला शिक्षा देत नाही; भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणाऱ्याला देतो.

विटाळाच्या बाबतीत हा प्रश्न आमच्या अंगाशी भिडलेला आहे. पाणवठ्यावरून हुसकावणाऱ्याला किळस खरोखरच जाणवत असेल. तिचे स्पंदन उद्या यंत्रावर उमटूनही दाखवता येईल. परंतु तेवढ्याने ती निसर्गदत्त ठरत नाही. १९३६ साली बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये जातीचा ठाव मनाच्या धारणेत दाखवला आणि त्या धारणेचे मूळ शास्त्रांच्या प्रामाण्यात शोधले. पालि परिभाषेत तो दिट्ठिविपल्लास होय. ‘मेंदूचा खेळ’ म्हणणारे वक्ते त्याला सञ्ञाविपल्लासाच्या रकान्यात ढकलतात, आणि शास्त्रांना प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही.