मनोऱ्याची साक्ष

तंजावरच्या भोसले घराण्याचा विचार करताना मराठी अभ्यासकाचे लक्ष प्रथम बृहदीश्वर मंदिरातील १८०३ च्या प्रदीर्घ मराठी शिलालेखाकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु तो लेख राजकुलाचा इतिहास होय, प्रदेशाचा नव्हे. किनाऱ्याच्या इतिहासाचा प्रश्न मांडावयाचा तर मल्लिपट्टणम् नजीक समुद्रकाठी उभा असलेला ‘मनोरा’ अधिक बोलका ठरतो.

इंग्रजांचा विजय व नेपोलियनचा पाडाव यांचे स्मारक म्हणून दुसऱ्या सरफोजी राजांनी ही षट्कोनी, अनेक मजली वास्तू उभारली. तिच्या लेखात १८१४ हे वर्ष येते. तिच्याविषयी दोन मते संभवतात : एकास तीत राजवैभव दिसेल, दुसऱ्यास केवळ लाचारी. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता व राजांची सत्ता तंजावरचा किल्ला आणि त्याचा परिसर एवढ्यापुरतीच उरली होती. सबब वैभवाचे मत टिकत नाही. लाचारीच्या मतात तथ्यांश असला, तरी दूरच्या युरोपातील युद्धाचे स्मारक याच किनाऱ्यावर का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

ते उत्तर शेजारच्या बंदरांत शोधले पाहिजे. तरंगंबाडी येथे १६२० पासून डेन लोकांची वखार होती. कारैकल १७३९ मध्ये फ्रेंचांकडे गेले. नागपट्टणम् १७८१ मध्ये इंग्रजांनी डचांकडून घेतले. नेपोलियनच्या युद्धांमुळेच १८०८ मध्ये तरंगंबाडी इंग्रजांच्या ताब्यात गेली आणि १८१५ मध्ये डेनांना परत मिळाली. सरफोजींचे मार्गदर्शक श्वार्ट्झ हेही १७५० मध्ये तरंगंबाडीसच आले होते. तात्पर्य, युरोपातील युद्ध या किनाऱ्यास ऐकीव नव्हते. त्याच्या बंदरांचे धनी त्या युद्धाने बदलत होते.

तथापि मनोऱ्याच्या साक्षीलाही मर्यादा आहे. मासेमार, विणकर, मरक्कायर व्यापारी यांना वरील दोन्ही लेखांत स्थान नाही. त्यांच्यासाठी वखारींचे दप्तर, देवस्थाने व दर्गे यांची दानपत्रे आणि तमिळ साधने यांकडेच वळावे लागेल. मराठी लेख हाती आला म्हणजे प्रदेशाचा इतिहास हाती आला, हा समज त्याज्य होय.

राजांनी कोरविलेला विजयाचा मजकूर आज किनाऱ्यावरील लोकांच्या तोंडी नाही. ‘मनोरा’ हा साधा शब्द मात्र तमिळ बोलीत स्थिरावला आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने आरंभ करावा तो तेथून.