दोन गावांचा लेखक : व्यंकटेश माडगूळकर

प्रादेशिक कादंबरीकाराचा विचार करताना आपल्याकडे बहुधा त्याच्या प्रदेशाचाच विचार होतो. तेथील माती कशी, पाऊस किती, बोली कोणती, एवढे सांगून झाले की टीकाकारास आपले काम संपले असे वाटते. परंतु अशा लेखकास आणखीही एक गाव असते, आणि ते त्याच्या जन्मगावापासून पुष्कळदा फार दूर असते. ज्या संपादकांनी त्याचे लेखन प्रथम वाचले, ज्या समानधर्मी लेखकांच्या सहवासात त्याची अभिरुची घडली आणि ज्या वाचकांनी त्याची पुस्तके विकत घेतली, त्यांचे मिळून हे दुसरे गाव होते. पहिल्या गावाविषयी तो लिहितो. पण तेथील पुष्कळांस ते वाचता येत नाही. दुसरे गाव ते आवडीने वाचते. पण त्यास पहिले गाव ठाऊक नसते. अशा स्थितीत लेखकाने इमान कोणाशी राखावयाचे? व्यंकटेश माडगूळकर यांच्या वाङ्मयाचा विचार या प्रश्नाच्या अनुरोधाने केला, तर त्यांच्या लेखनातील काही गुणांचा आणि काही मर्यादांचाही उलगडा होतो, असे आम्हांस वाटते.

माडगूळकरांचा जन्म १९२७ सालचा. त्यांचे माडगूळे हे गाव आज सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात मोडते. त्या काळी ते औंध संस्थानात होते. माण नदीच्या काठचा हा मुलूख पावसाचे दान ज्यास क्वचितच मिळते असा. मेंढरे, बाजरी आणि दर काही वर्षांनी येणारा दुष्काळ ही त्याची ओळख. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर कवी म्हणून पुढे घरोघर पोचले. धाकट्या व्यंकटेशांचे शालेय शिक्षण १९४२ च्या चळवळीच्या धामधुमीत अपुरेच राहिले. पदवी नाही, विद्यापीठ नाही. परंतु चित्रकाराचा डोळा आणि माणसे न्याहाळण्याची अमर्याद हौस, एवढी शिदोरी त्यांच्याजवळ होती. पुढे इंग्रजी वाङ्मयाशी त्यांनी जो परिचय करून घेतला तोही स्वतःच्याच कष्टाने.

अशा तरुणास वाङ्मयाच्या प्रांगणात प्रवेश मिळाला तो नियतकालिकांच्या दारातून. आरंभी बडोद्याच्या ‘अभिरुची’ने आणि नंतर मुंबईच्या ‘मौज’ व ‘सत्यकथा’ यांनी त्यांस आपलेसे केले. गिरगावातील खटाववाडीत मौजेचा छापखाना होता. श्री. पु. भागवत आणि पुढे राम पटवर्धन या संपादकांच्या भोवती तेथे जे लेखकमंडळ जमले, त्यास कोणी मंडळ म्हणून नाव दिले नव्हते. तरी एखाद्या शिस्तबद्ध मंडळाहून त्याचा प्रभाव मोठा होता. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि माडगूळकर या चौघांची नावे नवकथेच्या संदर्भात एका दमात घेतली जातात. पण गाडगिळांचे जग शहरी मनाच्या गुंतागुंतीचे आणि माडगूळकरांचे जग धनगरवाड्याचे. या दोघांस एका पंक्तीस बसविणारे सूत्र विषयाचे नव्हते, दृष्टीचे होते. अनुभव जसा असेल तसा पाहावा, त्यास उपदेशाची फोडणी देऊ नये, आणि जे सुचविता येते ते सांगू नये, अशी ती दृष्टी होती.

ही दृष्टी माडगूळकरांस किती उपकारक ठरली हे कळण्यासाठी आधीची परिस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी जानपद गीतांची लाट आणली होती. त्या गीतांत खेडे होते, परंतु ते बहुधा सुटीत पाहिलेले खेडे होते. तेथील मोट मंजुळ गात असे आणि तेथील पोरगी सदैव लाजत असे. कादंबरीत र. वा. दिघे यांनी ‘पाणकळा’ (१९३९) लिहून शेतकऱ्याचे जीवन जोमाने उभे केले. तथापि त्यांच्या प्रतिभेची ओढ अद्भुताकडे आणि रम्यतेकडे होती. या दोन्ही वाटा सोडून तिसरी वाट काढणे एकट्यादुकट्या लेखकास सोपे नव्हते. आपण जे मोजके लिहितो ते अपुरे नव्हे, ही खात्री देणारे कोणी तरी लागते. खटाववाडीने ती खात्री दिली.

१९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माणदेशी माणसे’ या पुस्तकात याचा प्रत्यय पानोपानी येतो. त्यातील ‘धर्मा रामोशी’ हे शब्दचित्र पाहावे. फाटक्या वस्त्रांतला धर्मा एक जुने धोतर मागून नेतो, आणि पुढे कळते की ते त्याच्या अंगावर नसून नेसावयास लुगडे नसलेल्या त्याच्या मुलीच्या अंगावर आहे. एखाद्या जुन्या लेखकाने येथे दारिद्र्यावर एक परिच्छेद खर्ची घातला असता आणि वाचकाच्या डोळ्यांस रुमाल लावावयास लाविले असते. माडगूळकर तसे काही करीत नाहीत. धोतर कोठे गेले एवढेच ते सांगतात आणि बाजूला होतात. वाचकास मात्र बाजूला होता येत नाही.

१९५५ सालची ‘बनगरवाडी’ ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी. आकाराने ती लहान आहे. कथानक म्हणावे असे तीत फारसे नाही. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा तरुण मास्तर धनगरांच्या एका वस्तीवर एकशिक्षकी शाळा चालवावयास येतो. आरंभी शाळेत पोरेच नसतात. कारभाऱ्याने मनावर घेतल्यावर ती येऊ लागतात आणि मास्तर हळूहळू वाडीचा होतो. तालीम बांधली जाते, तिच्या उद्घाटनास राजेसाहेब येतात. मग दुष्काळ पडतो, मेंढरे मरू लागतात, माणसे पांगतात, आणि रिकाम्या वाडीतून मास्तर बाहेर पडतो.

या कादंबरीची थोरवी तिच्या वर्णनांत आहे असे सामान्यतः म्हटले जाते. आमच्या मते ती मास्तराच्या जागेत आहे. हा मास्तर वाडीतला एकमेव लिहितावाचता माणूस. कोणाचा अर्ज लिही, कोणाचे भांडण मिटव, कोणाची साठविलेली नाणी मोडून आण, अशी कामे त्याच्याकडे आपोआप चालत येतात. वाडी त्याच्यावर विश्वास टाकते, आणि तो विश्वास किती नाजूक असतो हेही त्यास दाखविते. अंजीच्या चोळीवरून जो गैरसमज होतो त्यात ज्या कारभाऱ्याने त्यास जवळ केले तोच दुरावतो. दुसऱ्याच्या जीवनात लेखणी घेऊन शिरलेल्या माणसाची ही अवस्था आहे. राजाराम मास्तर हा, या अर्थाने, प्रादेशिक लेखकाचाच प्रतिनिधी होय. एक बैल असलेल्या शेकूची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतःचा खांदा जुवाखाली देते, तेव्हा मास्तर पाहतो. त्या पाहण्यात कळवळा आहे, पण तिच्या वतीने भाषण करण्याचा अधिकार तो स्वतःकडे घेत नाही. माडगूळकरांच्या संयमाचे मूळ येथे सापडते. सत्यकथेच्या कलाविचाराने त्या संयमास प्रतिष्ठा दिली हे खरे. परंतु त्याची मुळे पहिल्या गावाच्या भिडेत होती. ज्यांच्या ओसरीवर आपण बसलो त्यांच्या दुःखाचे प्रदर्शन मांडू नये, ही ती भीड.

या संयमाची खरी कसोटी ‘वावटळ’ (१९६४) या कादंबरीत लागली. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्यांत माडगूळकरांचे घरही होते. तो अनुभव त्यांनी तत्काळ लिहिला नाही. सोळा वर्षे गेल्यानंतर लिहिला, आणि लिहिताना सूडाचा सूर येऊ दिला नाही. ज्या माणसांविषयी इतक्या मायेने लिहिले त्याच गावाने घरास काडी लावावी, यापरता लेखकाच्या इमानास धक्का कोणता? तरीही त्यांनी गाव टाकले नाही. येथे मोजके बोलणे ही केवळ शैली राहत नाही, ती जीवननिष्ठा होते.

परंतु गुणाची सावली मर्यादेच्या रूपाने पडतेच. ‘बनगरवाडी’त निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि बोली संवादांपुरती आहे. म्हणजे पाहणारा एका भाषेत पाहतो आणि पाहिले जाणारे दुसऱ्या भाषेत बोलतात. खटाववाडीच्या वाचकास ही व्यवस्था सोयीची होती. पण बनगरवाडीकडे बनगरवाडीच्या भाषेतून कोणी पाहिले तर काय दिसेल? पुढे आनंद यादव यांनी ‘गोतावळा’ (१९७१) लिहून शेतगड्याच्या तोंडीच सारे निवेदन दिले, तेव्हा या प्रश्नाचे एक उत्तर मिळाले. त्याआधी अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ने (१९५९) आणि बाबूराव बागुलांच्या कथांनी वेगळेच उत्तर दिले होते. माडगूळकरांच्या लेखनात जो राग नाही, तो त्यांत धगधगत होता. १९६९ साली अनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. त्या कृतीविषयी कोणाचे मत काहीही असो. ज्या मंडळाने एका पिढीस वाचा दिली त्याचेच दार पुढच्या पिढीस बंद वाटू लागले, ही गोष्ट इतिहासाने नोंदविली आहे. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली.

तथापि माडगूळकर खटाववाडीपुरते राहिले असते तर त्यांचा विचार येथेच संपला असता. ते राहिले नाहीत. पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचे काम त्यांनी अनेक वर्षे केले. शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्यासमवेत गावोगाव कथाकथन केले. टीकाकार या दोन गोष्टींस पोटापाण्याचा आणि करमणुकीचा भाग समजून पुढे जातात. आम्हांस मात्र त्यांत लेखकाचे एक मोठे येणे फिटलेले दिसते. ज्या माणसांस वाचता येत नव्हते त्यांस ऐकता येत होते. छापील पान जेथे पोचत नव्हते तेथे आवाज पोचला, आणि पहिल्या गावाच्या गोष्टी, दुसऱ्या गावाचा संस्कार घेऊन का होईना, पहिल्या गावास परत मिळाल्या. कथाकथनात हशा सोपा असतो आणि त्या हशाने काही कथांची धार बोथट केली, हा आक्षेप निराधार नाही. परंतु श्रोत्यांसमोर उभे राहून आपल्याच माणसांची गोष्ट सांगण्यात जे उत्तरदायित्व असते ते छापखान्याच्या खोलीत नसते.

१९८३ साली ते अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी ‘सत्तांतर’ या कादंबरीस साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ही कादंबरी माणसांची नव्हे, वानरांच्या टोळ्यांची आहे. माणदेश मागे राहिला, पण पाहण्याची रीत तीच राहिली. जो पाहिला जात आहे त्याच्या वतीने न बोलता त्यास दिसू द्यावयाचे, ही ती रीत. २००१ साली माडगूळकर निवर्तले.

प्रादेशिक लेखकाने इमान कोणाशी राखावे, या प्रश्नास त्यांच्या चरित्राने दिलेले उत्तर असे दिसते. मंडळाकडून शिस्त घ्यावी, पण त्याच्या टाळ्यांसाठी आपली माणसे विकू नयेत. आणि गावाकडून अनुभव घ्यावा, पण गावाचे वकीलपत्र न विचारता घेऊ नये. हे उत्तर परिपूर्ण नाही. वकील नको म्हणणाऱ्याने अन्यायाविषयी साक्ष तरी द्यावयाची की नाही, हा प्रश्न यादवांनी, साठ्यांनी, बागुलांनी उभा केलाच, आणि तो रास्त होता. परंतु साक्षीदाराने आधी नीट पाहिलेले असावे लागते. मराठी गद्यास खेड्याकडे नीट पाहावयास ज्यांनी शिकविले त्यांत माडगूळकरांचे स्थान अग्रभागी आहे; आणि पुढचे जे साक्षीदार आले त्यांची वाट, त्यांस मान्य असो वा नसो, बनगरवाडीवरून गेली आहे.