हौशी छायाचित्रकाराचें ठाणें

नाटक, कादंबरी, चित्रकला यांचे गुणदोष आपण हिरिरीनें चर्चितों. परंतु रविवारीं पहांटे गळ्यांत कॅमेरा आणि खांद्यावर तिपाई घेऊन मासुंदा तलावाच्या कांठीं उभा राहणारा गृहस्थ कांहीं कलाकृति निर्माण करीत आहे कीं केवळ हौस भागवीत आहे, याचा विचार करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं. ही उपेक्षा आम्हांस दोन कारणांनीं अयोग्य वाटते. पहिलें कारण असें कीं, मोबाइलमधील कॅमेराही हिशेबांत धरला तर आज मराठी मध्यमवर्गांत लेखणी धरणारांपेक्षां कॅमेरा धरणारे कितीतरी अधिक आहेत. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. ठाणें, कल्याण, डोंबिवली हीं शहरें ज्या वेगानें आपलें रूप पालटीत आहेत, त्याची नोंद बहुतांशीं याच मंडळींच्या हातून होणार आहे. ती नोंद खरी होते कीं खोटी, हा प्रश्न एकट्या हौसेचा उरत नाहीं.

'हौशी' हा शब्द आज आपण किंचित् तुच्छतेनें वापरतों. पण आमच्या प्रांतांतील छायाचित्रणाचा पाया हौशी मंडळींनींच घातला आहे. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ सालीं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्याशीं निगडित असलेले आरंभीचे हिंदी छायाचित्रकार. जॉन्सन आणि हेंडरसन या जोडीनें १८५६ ते १८५८ या काळांत छायाचित्रांचा जो मासिक संग्रह प्रसिद्ध केला, त्याच्या नांवांतच 'इंडियन ॲमॅचर' हे शब्द होते. त्या काळीं कांचेवर ओला थर चढवावा, तो सुकण्यापूर्वींच चित्र घ्यावें आणि लगोलग धुवावें, एवढा खटाटोप करावा लागे. एवढे श्रम करून जें टिपावयाचें, तें विचार केल्यावांचून टिपणें परवडण्यासारखें नव्हतें.

याहून बोधप्रद उदाहरण दादासाहेब फाळक्यांचें आहे. १९१२ सालीं, 'राजा हरिश्चंद्र' निघण्यापूर्वीं, त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि रोज थोडें थोडें चित्रण करीत महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. पडद्यावर तें रोपटें मिनिटा-दोन मिनिटांत वाढतांना दिसलें. यंत्र नवें होतें आणि युक्तीही नवी होती. परंतु त्या युक्तीपाठीमागें एक प्रश्न होता. झाड वाढतें हें सर्वांस ठाऊक असतें, पण वाढतांना तें कोणी पाहिलें आहे? डोळ्यांस जें दिसूं शकत नाहीं तें दाखविण्यासाठीं तेथें तंत्र राबलें. आजच्या हौशी कामगिरीची परीक्षा करितांना आम्ही हीच कसोटी लावूं इच्छितों.

गेल्या कांहीं वर्षांत ठाण्याचीं जीं हौशी चित्रें, प्रदर्शनांत म्हणा कीं मोबाइलच्या पडद्यावर म्हणा, आमच्या पाहण्यांत आलीं, त्यांत तंत्राची उणीव क्वचितच आढळते. मासुंद्याचें रेशमासारखें गुळगुळीत पाणी, तीन हात नाक्यावर मोटारींच्या दिव्यांच्या तांबड्या-पांढऱ्या रेषा, वेगांत जाणारी लोकल, खाडींतले रोहित पक्षी, दहीहंडीचा कोसळणारा थर, दिवाळीच्या सकाळीं डोंबिवलीच्या फडके रोडवर जमणारी नटलेली तरुणाई, असे विषय जणुं ठरून गेले आहेत. चित्रें रेखीव आहेत, स्पष्ट आहेत, अनेकदां डोळ्यांस सुखविणारीं आहेत. आमची तक्रार एवढीच कीं, यांतील पुष्कळशा चित्रांखालीं ठाण्याऐवजीं दुसऱ्या कोणत्याही शहराचें नांव लिहिलें तर कांहींच बिघडत नाहीं. शिकवणींत शिकलेली युक्ति शहरावर लावून पाहिली जाते. शहर पाहून त्याला साजेशी युक्ति शोधली जात नाहीं.

येथें थोडें तांत्रिक विवेचन केल्यावांचून गत्यंतर नाहीं. कॅमेऱ्यांत किती प्रकाश घ्यावयाचा हें मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतें: भिंगाचें छिद्र किती मोठें ठेवावें आणि तें किती वेळ उघडें राहूं द्यावें. एफ ८ एवढें छिद्र सेकंदाच्या १२५ व्या भागापुरतें उघडलें, किंवा एफ १६ एवढें लहान छिद्र सेकंदाच्या ३० व्या भागापुरतें उघडलें, तर आंत येणारा प्रकाश जवळजवळ सारखाच असतो. दोन्हीं चित्रें सारखींच उजळ येतील. परंतु पहिल्यांत पुलावरून चालणारा मनुष्य ठसठशीत दिसेल आणि मागचें शहर किंचित् मवाळ होईल. दुसऱ्यांत शहराचा कोपरा न् कोपरा स्पष्ट होईल आणि माणसाचें पाऊल पुसट होईल. एकांत माणूस मुख्य, दुसऱ्यांत शहर मुख्य. ही निवड यंत्र करीत नाहीं. तें केवळ प्रकाशाचा हिशेब जुळवून देतें. मुख्य काय, हें ठरविणारा मनुष्यच असतो. म्हणून प्रत्येक तंत्र हें एक विधान आहे असें आम्ही म्हणतों, आणि विधान म्हटलें कीं तें खरें कीं खोटें हें विचारण्याचा अधिकार प्रेक्षकास आपोआप प्राप्त होतो.

दीर्घ प्रकाशनाची युक्ति घ्या. १८३८ सालीं दागेर यानें पॅरिसमधील एका गजबजलेल्या रस्त्याचें चित्र घेतलें. त्यासाठीं भिंग कित्येक मिनिटें उघडें ठेवावें लागलें, आणि तेवढ्या अवधींत चालतीं माणसें व धांवत्या गाड्या चित्रांतून नाहींशा झाल्या. उरला तो जोडे पुसून घेण्यासाठीं एका जागीं उभा राहिलेला एक इसम. दीर्घ प्रकाशनाचा सारा धर्म या एका चित्रांत आला: जें हलतें तें पुसलें जातें, जें थांबतें तें उरतें. दागेरचा तेथें नाइलाज होता. आमच्या छायाचित्रकारावर तशी सक्ति नाहीं. तो भिंगापुढें काळी कांच लावून तीस सेकंद थांबतो तो स्वखुशीनें. मग मासुंद्यावरील लाटा जातात, नावा जातात, कांठावर फिरावयास आलेलीं कुटुंबें जातात, आणि कौपिनेश्वराच्या परिसरांत जणुं हिमालयांतील एखादें निर्जन सरोवर अवतरतें! तलावपाळी ज्यानें एकदां तरी पाहिली आहे त्यास हें चित्र ओळखूं येणार नाहीं. तेथील गर्दी, गलबला, खाद्यपदार्थांच्या गाड्या, हट्ट करणारीं मुलें हींच तलावपाळी होय. तीं पुसून जें उरलें तें सुंदर असेल. पण तें ठाणें नव्हे.

तीच युक्ति, योग्य ती परवानगी घेऊन, ठाणें स्थानकाच्या पादचारी पुलावर संध्याकाळीं योजून पाहावी. दोन सेकंद भिंग उघडें ठेवलें कीं घरीं परतणारी गर्दी पाण्याच्या लोंढ्यासारखी वाहूं लागते, आणि त्या लोंढ्यांत कठड्याला टेकून कोणाची तरी वाट पाहणारी एखादी स्त्री तेवढी स्पष्ट उमटते. येथें तंत्र खरें बोलतें. कारण या स्थानकावर रोज लाखों माणसें वाहतात आणि थांबणारा विरळा असतो, ही त्या जागेची खरी स्थितीच आहे. युक्ति एकच, तलावावर तिनें लपविलें, पुलावर तिनें दाखविलें.

लोकलच्या चित्रांविषयीं असेंच म्हणतां येईल. गाडीबरोबर कॅमेरा फिरवीत सेकंदाच्या १५ व्या किंवा ३० व्या भागांत चित्र घेतलें म्हणजे गाडी स्थिर आणि फलाट रेषारेषांचा होतो. साधावयास हें कठीण असल्यानें तें साधलें कीं छायाचित्रकार हरखून जातो. परंतु गाडीचा वेग हा खरोखर डोंबिवलीकरांच्या अनुभवाचा गाभा आहे काय? त्यांच्या आयुष्यांतला मोठा वांटा वाट पाहण्यांत, चढतां न येण्यांत, गाडी सोडून देण्यांत जातो. कॅमेरा स्थिर ठेवून गाडीलाच पुसट होऊं द्यावें आणि फलाटावर राहिलेला चेहरा स्पष्ट ठेवावा, असें फार थोड्यांस सुचतें. दहीहंडींतही सारीं भिंगें वरच्या थरावर आणि कोसळण्याच्या क्षणावर रोखलेलीं असतात. सर्वांचा भार पेलणाऱ्या खालच्या थरांतील चेहरे मात्र कोणाच्या ध्यानीं येत नाहींत. आणि दहीहंडीचें खरें नाट्य तर तेथेंच असतें.

खाडीकडे वळूं. ठाणें खाडीस २०१५ सालीं फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें आणि २०२२ सालीं तिची रामसर यादींत गणना झाली. तेव्हांपासून लांब पल्ल्याचीं भिंगें घेऊन जाणाऱ्यांची तेथें रीघ लागते. एका प्रकारच्या चित्रांत पक्षी इतका जवळ येतो कीं तो प्राणिसंग्रहालयांतला आहे कीं खाडींतला हें कळूं नये. दुसऱ्या प्रकारांत पक्ष्यांच्या पाठीलाच उंच इमारती चिकटल्यासारख्या दिसतात आणि पाहणारा हळहळतो. दूर उभें राहून लांब पल्ल्याच्या भिंगानें पाहिलें कीं पुढच्या-मागच्या वस्तूंमधील अंतर आटल्यासारखें वाटतें. हा दोष भिंगाचा नसून उभें राहण्याच्या जागेचा आहे. दृष्टिकोन हा शब्द येथें अगदीं अक्षरशः खरा ठरतो. शहर खाडीवर चाल करून येत आहे हें सांगणें असेल तर ही अतिशयोक्ति क्षम्य, प्रसंगीं आवश्यकही होय. परंतु ती जाणूनबुजून केलेली असावी. ओहोटीनें उघडा पडणारा चिखल, खारफुटीचीं मुळें आणि त्या उथळ पाण्यांत चोंच उलटी घालून अन्न गाळणारा पक्षी, हा संबंध ज्याला दाखवावयाचा असेल, त्यास भरती-ओहोटीचें कोष्टक भिंगाइतकेंच उपयोगी पडेल.

रात्रीचा आणि रंगांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तेथें निवड मनुष्याच्या हातून निसटूं लागली आहे. आजचा मोबाइल काळोखांत एकामागून एक अनेक चित्रें घेतो, तीं जुळवितो आणि उजळवितो. मध्यरात्रीची गल्ली तिन्हीसांजेसारखी दिसूं लागते. पावसाळ्यांतील येऊरचा करडेपणा तर यंत्रास जणुं रोग वाटतो. तो हिरवा झाल्याशिवाय त्यास चैन पडत नाहीं. रघुवीर सिंह यांनीं आपल्या 'रिव्हर ऑफ कलर' या १९९८ च्या ग्रंथांत रंग हा हिंदी दृष्टीचा स्वभाव आहे असें प्रतिपादन केलें. तें आम्हांस पटतें. पण रंग म्हणजे भडकपणा नव्हे. करडा हाही रंगच आहे, आणि कोंकणपट्टींतील चार महिने त्याच्याच मालकीचे असतात.

या सर्व विवेचनांत आम्ही सत्याचा एवढा आग्रह कां धरतों, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर इतिहासांत आहे. आगगाडी पुलावरून जात असल्याचें १८५५ च्या सुमाराचें एक जुनें चित्र सर्वत्र फिरत असतें आणि तें पहिल्या आगगाडीचें चित्र म्हणून दाखविलें जातें. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघून ठाण्यापर्यंतच आली. चित्रांतला दापुरीचा पूल ठाण्याच्या पुढें कल्याणच्या वाटेवरचा, आणि तो मार्ग सुरू झाला १८५४ सालीं. चित्र खरें, पण त्यास जोडलेलें नांव खोटें, आणि तें खोटें नांवच लोकांच्या मनांत घर करून बसलें! कल्याणचा १९१४ चा पत्री पूल २०१८ च्या नोव्हेंबरांत उतरविला गेला; आतां तो पाहावयाचा तर चित्रांतच. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले, वागळे इस्टेटींतील कारखान्यांच्या जागीं कचेऱ्या आल्या. यांपैकीं काय, केव्हां, कोठें पालटलें हें सांगणारी चित्रें पन्नास वर्षांनीं कोणी शोधूं लागला, तर त्यास तारीख-वार नसलेले शेंकडों सूर्यास्त सांपडावे काय?

यावर असा आक्षेप येईल कीं, हौशी माणूस आठवडाभर नोकरी करून एक दिवस आनंदासाठीं बाहेर पडतो. त्याच्यावर इतिहासाचें ओझें कशाला? आक्षेपांत तथ्य आहे. नवें तंत्र हातीं बसविण्यांतला आनंद निर्मळ आहे आणि त्यासाठीं शंभर चित्रें वायां गेलीं तरी बिघडत नाहीं. गवई रियाज करितो तेव्हां प्रत्येक पलटा मैफलीसाठीं नसतो. पण रियाजालाच मैफल समजणें, ही चूक होय. शिवाय हौशी माणसापाशीं एक असें बळ आहे कीं तें धंदेवाईकापाशीं सहसा नसतें. धंदेवाईक बोलाविलें कीं येतो आणि काम झालें कीं जातो. हौशी माणूस त्याच गल्लींत राहतो. त्याला त्याच जागीं पुन्हां पुन्हां जातां येतें, कोणत्या ऋतूंत कोणत्या भिंतीवर ऊन केव्हां येतें हें त्यास ठाऊक असतें, आणि तेथील माणसें त्यास ओळखत असल्यानें त्यांची संमति मागणें आणि मिळविणें त्यास सोपें जातें. पॅरिसच्या जुन्या गल्ल्या तीस वर्षें टिपीत राहिलेल्या अत्जे याचा मोठेपणा युक्त्यांच्या नवेपणांत नव्हता. पुन्हां जाण्याच्या चिकाटींत होता.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक हौशी छायाचित्रकारानें आपल्या घरापासून चालत जातां येईल अशी एक जागा निवडावी: एखादा नाका, तलावाचा कांठ, जुन्या वाड्याचा दरवाजा, खाडीवरचा धक्का. महिन्यांतून एकदां, त्याच वेळीं, त्याच जागीं उभें राहून, त्याच भिंगानें एक चित्र घ्यावें, आणि खालीं तारीख व ठिकाण स्वच्छ लिहावें. उरलेल्या वेळांत हवे ते प्रयोग खुशाल करावे. दहा वर्षांत अशीं एकशेंवीस चित्रें जमतील. फाळक्यांनीं वाटाण्याच्या रोपावर जो प्रयोग महिनाभर केला, तोच हा शहरावर होईल. ठाणें वाढत आहे हें आपण रोज म्हणतों. तें वाढतांना कसें दिसतें, त्यांत काय उगवतें आणि काय करपतें, हें मात्र असें कोणी चिकाटीनें टिपल्यावांचून कोणास दिसावयाचें नाहीं.