वाकलेल्या झाडाची साक्ष

पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या माळरानावर हिंडताना वाकडी झाडे पदोपदी दिसतात. एखाद्या कडुनिंबाचे खोड जमिनीतून हातभर वर येते, तिथून आडवे जाते आणि मग काटकोनात उभे राहते. कुठे दोन फांद्या एकमेकींत रुतून त्यांचे कडे तयार झालेले असते. अशा झाडापाशी थांबले, की ‘हे आपोआप झालेले नाही, जुन्या माणसांनी खुणेसाठी वाकवले आहे’ असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतो. खूण वाटेची, असे एक जण म्हणतो. दुसरा आवाज उतरवून म्हणतो, पुरलेल्या धनाची. विद्यार्थी हीच गोष्ट वर्गात आणतात, म्हणून ती तपासून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते.

‘सगळ्या भाकडकथा’ असे म्हणून मोकळे होणे मात्र आम्हाला पसंत नाही. माणसाने झाडांवर जाणूनबुजून खुणा केल्याचे पक्के पुरावे जगात आहेत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आदिवासी सीडारची साल पट्ट्यांनी सोलून घेत. जखमेच्या कडेने वाढलेली वर्तुळे मोजून ती साल कोणत्या वर्षी काढली, हे आज सांगता येते. तेथील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १८४६ पूर्वीच्या अशा झाडांना वारसा म्हणून कायद्याचे संरक्षणही आहे. अमेरिकेत रेमंड जॅन्सन यांनी १९४१ साली एक लेख लिहून मिशिगन सरोवराच्या परिसरातील वाकलेली झाडे ही मूळ रहिवाशांच्या पायवाटांची चिन्हे असल्याचे मांडले. आज ‘खुणेची झाडे’ ओळखण्याची जी लक्षणे सांगितली जातात, त्यांचा मोठा भाग याच विचारसरणीतला आहे.

या दोन उदाहरणांत एक महत्त्वाचा फरक आहे. सीडारच्या बाबतीत जखमेचे वय मोजता येते आणि हत्याराच्या खुणाही सापडतात. वाकलेल्या झाडाच्या बाबतीत मुख्य भिस्त आकारावर असते आणि आकार ही फार दुबळी साक्ष आहे. रोपटे असताना त्यावर मोठ्या झाडाची फांदी पडली, दरड घसरली, बैलाने अंग घासले, तरी खोड आडवे होते. मग प्रकाशाकडे आणि गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेने वाढण्याच्या प्रवृत्तीमुळे शेंडा पुन्हा वर वळतो. शेंडाच मोडला असेल तर आडव्या खोडावरचा एखादा डोळा फुटतो आणि तोच नवे खोड होतो. रुंद पानांच्या झाडांत वळणाच्या वरच्या अंगाला ताणाचे खास लाकूड तयार होते आणि ते खोडाला वर खेचते. सूचिपर्णी झाडांत असे लाकूड खालच्या अंगाला तयार होते आणि ते खोडाला वर ढकलते. फांद्या वाऱ्याने एकमेकींवर घासून साल गेली, की त्या एकजीव होतात. त्यातून कडे तयार होते, त्याला माणसाचा हात लागतोच असे नाही. आमच्या भागात तर शेळ्यांसाठी आकडीने पाला ओढणे हा रोजचा उद्योग आहे. त्यामुळे माणसाच्या हाताने वेडीवाकडी झालेली झाडे शेकड्यांनी आहेत, फक्त खुणेसाठी झालेली नाहीत!

दोन कसोट्या मात्र विद्यार्थ्यांनाही लावता येतील. पहिली उंचीची. झाड शेंड्याकडून वाढते. खोडावरचे वळण किंवा ठोकलेला खिळा झाडाबरोबर वर सरकत नाही. हा गैरसमज शिकलेल्या माणसांतही आढळतो. वळण आज बारा फुटांवर असेल तर ते झाले तेव्हाही बारा फुटांवरच होते. जमिनीवर उभ्या राहिलेल्या माणसाने ते कसे केले, हे दावा करणाऱ्याने सांगावे.

दुसरी कसोटी वयाची. बोटाएवढे जाड रोपच असे वाकवता येते, म्हणजे वळणाचे वय जवळजवळ झाडाइतकेच. बाभूळ शंभरी क्वचितच गाठते. तेव्हा तिच्या वळणात यादवकाळ किंवा निजामशाही शोधणे व्यर्थ आहे. सागात वाढीची वर्तुळे स्पष्ट असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत त्यांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला आहे. कडुनिंबात किंवा वडात ती भरवशाने मोजता येत नाहीत आणि नुसत्या घेरावरून वय सांगणे म्हणजे अंदाजपंचे कारभार. शिवाय धन पुरणाऱ्याने शेजारचे रोप वाकवून ते मोठे होण्याची वाट पाहायची, ही कल्पनाच गमतीची आहे. शेळीने रोप खाल्ले की धनाचा पत्ता गेला.

‘पण झाड बरोबर देवळाकडे बोट दाखवते’ असे यावर सांगतात. थोडे गणित करू. देऊळ, विहीर, खिंड, नदी, जुनी गढी अशी पाच ठिकाणे धरली आणि दहा अंश इकडे, दहा अंश तिकडे चालते असे मानले, तर प्रत्येक ठिकाणामागे वीस अंश होतात. ही ठिकाणे एकमेकांपासून दूर असतील तर ३६० पैकी १०० अंश व्यापले गेले. आडव्या खोडाची दोन्ही टोके चालत असतील तर २०० अंशांपर्यंत मजल जाते. म्हणजे निम्म्याहून अधिक वाकडी झाडे केवळ योगायोगानेही कशाकडे तरी बोट दाखवतील.

आपल्या परंपरेत झाडांच्या खुणा आहेत, पण त्या निराळ्या. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील दकार्गल प्रकरणात झाडांवरून भूजल शोधण्याची लक्षणे दिली आहेत. एखाद्या झाडाची एकच फांदी खाली वाकलेली किंवा फिकट असेल तर तिच्याखाली तीन पुरुष खोलीवर पाणी असते, असे तेथे म्हटले आहे. या ग्रंथाबद्दल आम्हाला आदर आहे. जांभूळ, उंबर ही ओलाव्याची झाडे असल्याने त्यांच्याजवळ पाणी शोधणे समजण्यासारखे आहे. फांदीच्या वाकण्याचा आणि खालच्या पाण्याचा संबंध मात्र आम्हाला दिसत नाही. मांजरा ज्या तालुक्यात उगम पावते तेथेच उन्हाळ्यात घागरीसाठी वणवण होते. अशा ठिकाणी फांदी पाहून विहिरीची जागा ठरवणे परवडणारे नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावाच्या शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावर अशी झाडे लावावीत असे सांगितले आहे. म्हणजे खुणेचे झाड होतेच. ते वाकवलेले नव्हते, लावलेले होते. पुढचा तपशील फारसा कोणी सांगत नाही. शिवेची खूण कोणी नाहीशी करू नये म्हणून जमिनीखाली दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू अशा लवकर न कुजणाऱ्या वस्तू पुरून ठेवाव्यात, असेही तेथे आहे. आता शिवेवरच्या जुन्या वडाखाली कोणी रात्री खणले आणि त्याला खापऱ्या व कोळसे लागले, तर तो काय म्हणेल? ‘धन होते, पण आपल्या नशिबी नव्हते, त्याचे कोळसे झाले.’ ही समजूत गावोगाव आहे. कोळसे खरे असतील आणि पुरलेलेही असतील. पण ती शेतांच्या हद्दीची साक्ष होती आणि खणणाऱ्याने ती कायमची पुसली. झाडाची मुळे तुटली ती वेगळीच.

प्रकरण येथेच थांबत नाही. गुप्तधनासाठी फसवणूक झाल्याच्या, नरबळीपर्यंत मजल गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधन आणि पाण्याचे स्रोत शोधण्याच्या नावाखालील अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

शाळेच्या परिसरातील सगळ्या झाडांची, फक्त वाकड्यांची नव्हे, यादी करावी. जात, घेर, वळणाची उंची, दिशा, उताराची बाजू आणि कुऱ्हाडीचे व्रण नोंदवावेत. झाडाविषयीची गोष्ट म्हाताऱ्या माणसांकडून आधी लिहून घ्यावी, मोजमापे नंतर करावीत. उताराची दिशा आणि वळणाची दिशा एकाच कागदावर मांडली, की मुले काय म्हणतात ते ऐकायला आम्ही उत्सुक आहोत.